नरसव्वाचा लांबलेला दुखवटा

आमच्या बोळात नरसव्वाइतका लांब दुखवटा कुणी पाळला नाही. तिचे वडील शिमग्याच्या आधी गेले. मी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा चैत्र संपत आला होता, तरी तिचा दुखवटा चालूच होता, आणि मधल्या काळात तिच्या अंगावर खरोखरीचं मूठभर मांस चढलं होतं. हे मी तिची चेष्टा करायला लिहीत नाही. थोडी चेष्टा होईल, ती टाळता येत नाही. पण नरसव्वाबद्दल कुणी गंभीर तोंडानं बोललेलं तिलाच आवडलं नसतं.

सोलापुरातला आमचा बोळ विणकरांचा. बहुतेक घरं तेलुगू बोलणाऱ्यांची. दारातून आत पाहावं तर माणूस खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला. आमच्यासारखी बाहेरची घरं दोन-तीनच. माझे वडील सांगोल्याकडची मेंढरं विकून गिरणीत लागले होते. आमच्या भिंतीला लागून नरसव्वाची खोली. ती लहानपणीच विधवा होऊन बापाकडं परत आली होती. तेव्हापासून बाप विणायचा आणि ती राटावर बसून त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. मी तिला पाहत आलो ती चाळिशीतली, उंच, रुंद हाडाची. बोळाच्या एका टोकाला ती शिंकली तर दुसऱ्या टोकाला पाळण्यातलं पोर दचकायचं. हसली की सगळे दात दिसायचे, बत्तीसच्या बत्तीस, एकही किडका नाही.

वडिलांना ती नायना म्हणायची, म्हणून सारा बोळ त्यांना नायनाच म्हणायचा. नायनांच्या तोंडात मात्र बारा वर्षं एकही दात नव्हता. त्यांच्यासाठी ती गुरगुट्या भात करायची, इतका मऊ की त्यात शीत सापडू नये. वर डाळीचं पाणी. तिखट अजिबात नाही, मीठ नावाला. दिवेलागणीच्या आधी शिंदीवाला मडकं घेऊन दाराशी यायचा. नायना पितळी पेलाभर शिंदी घ्यायचे, मग तो भात ओरपायचे आणि लगेच आडवे व्हायचे. नरसव्वाही तेच जेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "दोन माणसांना दोन चुली कुटं मांडू?" अशा रीतीनं बत्तीस दातांची बाई बारा वर्षं बिनदातांचं जेवण जेवली. ह्यात काही विशेष आहे असं तिलाही वाटलं नव्हतं आणि आम्हालाही नाही.

त्यांच्या जातीत एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की मागं राहिलेल्याचं तोंड कडू होतं असं मानतात. मग आईकडच्या नात्यातल्या कुणी तरी यायचं, त्याला शिंदीचा घोट पाजायचा, मटणाचा घास भरवायचा, म्हणजे कडू उतरलं. तोवर त्यानं चूल पेटवायची नाही, घरचा राट फिरवायचा नाही. जेवण शेजाऱ्यांनी घालायचं. साधारण दहा-बारा दिवसांत हे उरकतं. पण नरसव्वाच्या आईकडचं एकच माणूस उरलं होतं, सायण्णा नावाचा मामेभाऊ, आणि तो निजामाच्या हद्दीत, दूरच्या खेड्यात. त्याला निरोप गेला तेव्हा तो गाडीवरून पडून पाय मोडून बसला होता. पाय बरा झाला की येतो, असा उलट निरोप आला. म्हणजे रीतीप्रमाणे नरसव्वा दुखवट्यात राहिली आणि बोळानं तिला जेवू घालायचं ठरलं. बोळानं ते आनंदानं केलं. नरसव्वानं त्याहून आनंदानं करून घेतलं.

पहिल्या आठवड्यातली हकिकत आईनं मला सांगितली. पलीकडच्या गुरव्वाचं घर लिंगायतांचं. तिनं नरसव्वापुढं शेंगांची चटणी आणि कडक भाकरी ठेवली, वाळवून पापडासारखी झालेली. नरसव्वानं एक तुकडा मोडून दाढेखाली धरला. कडाड असा आवाज झाला. ती थांबली. मग दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

गुरव्वा घाबरली. "का गं, तिखट लागलं का?"

"न्हाय," नरसव्वा म्हणाली. "मला दात हायत की गं, गुरव्वा. मी इसरूनच गेले होते."

त्या दिवशी तिनं पाच भाकरी खाल्ल्या. गुरव्वा पुढं कितीतरी दिवस हे सांगायची, आणि दर वेळी भाकरीचा आकडा एकानं वाढायचा.

मी आलो तोवर नरसव्वाचे वार ठरून गेले होते. सोमवारी गुरव्वा, गुरुवारी आम्ही, बाकीचे दिवस तिचे जातवाले. ती फुकट जेवायची असं मात्र कुणी म्हणू नये. ज्या घरी जेवायची त्या घरच्या राटावर बसून टोपलीभर कांड्या भरून द्यायची. म्हाताऱ्या वीरय्यानं एकदा हटकलं, दुखवट्यात राट कसा फिरवतेस म्हणून. ती म्हणाली, "दुखवटा माझ्या राटाला हाय, काका. तुमच्या राटाचं कोण मेलंय?" वीरय्यानं विचार केला आणि राट तिच्याकडं सरकवला. आमच्या घरी राट नव्हता, म्हणून आमच्याकडं ती आईला दळण दळून द्यायची.

जेवणाची तिची पारख वेगळी होती. चव ती दुसऱ्या नंबरावर ठेवायची. आधी घास किती वेळ चावावा लागतो ते पाहायची. "ह्यो घास इसाचा," म्हणजे वीस वेळा चावायचा. आईच्या हुलग्यांच्या उसळीला तिनं तीस दिले. वीरय्याच्या सुनेनं एकदा बोकडाची कुर्ची, म्हणजे कुरकुरीत हाडं, केली होती, ती पन्नासावर गेली; त्या सुनेला नरसव्वा त्यानंतर नावानं हाक मारीना, लक्ष्मी म्हणायला लागली. आईनं एकदा चांगुलपणानं तिच्यासाठी खिचडी टाकली. नरसव्वानं ताटाकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "बायजाक्का, मी आजारी हाय का?"

आणि शिंदी. नायना गेले हे शिंदीवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा मडकं घेऊन आला, दार पाहिलं, माणसं पाहिली आणि उभ्या जागी रडायला लागला. नरसव्वा उठली, त्याच्या हातातलं मडकं घेतलं. "रडू नगंस, सांडतंय," म्हणाली आणि नायनांच्या पेल्यात ओतून प्याली. तेव्हापासून तो रोज येत होता आणि ती रोज पेलाभर पीत होती, उंबऱ्यावर बसून, उजेडात, सगळ्यांच्या देखत.

मला ते पाहवेना. त्या वर्षी पुण्यात मी दारूबंदीवरची दोन व्याख्यानं ऐकली होती आणि हात वर करून शपथही घेतली होती. आमच्या घरातला पहिला शिकलेला मी. शिकल्याचा उपयोग शेजाऱ्यांना व्हावा असं मला फार वाटायचं. म्हणून एक दिवस मी तिच्यापुढं बसलो आणि मद्यपानानं यकृताचं काय होतं, संसारांचं काय होतं, ते सगळं सांगितलं. ती पेला खाली ठेवून नीट ऐकत होती. असं लक्ष देऊन माझं अजून कुणी ऐकलेलं नाही.

संपल्यावर तिनं विचारलं, "हे सांगणाऱ्याचा बाप जिता हाय का?"

"मला माहीत नाही, नरसव्वा."

"मग इचारून ये. जिता असंल तर त्याला म्हणावं, दमानं घे."

"पण दुखवट्यात शिंदी चालते का?" मी शेवटचा मुद्दा काढला.

"येम् रा कालेज," ती म्हणाली, म्हणजे काय रे कॉलेज. मला ती माझ्या नावानं, म्हणजे बिरू म्हणून, कधीच हाक मारायची नाही. "शिंदीनंच कडू उतरतंय न्हवं? सायण्णा आला की एकदम उतरवंल. तवर मी थोडं थोडं उतरवतीया."

 भिंतीपलीकडं आमच्या घरात आई भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला होता, म्हणजे ती हसत असावी.

ज्येष्ठ लागला आणि एका बुधवारी सायण्णाचं कार्ड आलं. त्याच्या गावच्या मास्तरानं ते बाळबोध मराठीत लिहिलं होतं. नरसव्वा ते घेऊन माझ्याकडं आली. मी वाचलं: पाय बरा झाला आहे, येत्या रविवारी बायकोसह येतो, तुमच्या तोंडाचं कडू काढतो, कळावे. मला वाटलं, ती खूष होईल. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि परत दिलं.

"पुढल्या महिन्यात येतो, असं लिवलंय म्हण."

"असं कसं म्हणू? रविवार लिहिलंय."

ती आमच्या उंबऱ्यावर बसली. 

"त्यानं कडू काढलं की चूल पेटवाय लागंल," ती म्हणाली. "चुलीवर काय ठिवू? मागल्या अमावस्येला कुणी न्हवतं तवा चुलीपुढं जरा बसून बघितलं. पेटवली न्हाय. नुसतं तांदूळ घेतलं हातात. तर हातानं दोन माणसांचं मापलं, आन् पाणी मऊ भाताचं घातलं. माझ्या हाताला दुसरं येतच न्हाय, बाबा. आन् तसला घास आता माझ्या घशाखाली उतरत न्हाय. त्यो नायनाचा घास हाय. समोर नायना न्हाय, आन् मी एकली बसून त्यो भात गिळू?"

मी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. पुण्यात मी तर्कशास्त्र शिकत होतो.

इतक्यात कार्ड आल्याचं कळून गुरव्वा आणि आणखी दोघी-तिघी आल्या. "काय लिहिलंय रे?" नरसव्वा माझ्याकडं पाहत होती. खरं सांगावं तर तिला लोटल्यासारखं, आणि खोटं मला आजवर कधी नीट बोलता आलेलं नाही. मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"अक्षर लागत नाही," मी म्हणालो.

"अगं बाई," गुरव्वा म्हणाली. "दोन वर्षं कॉलेजात काय शिकवलं मग?"

त्या हसत हसत गेल्या. माझे कान तापले होते. बोळातली माझी पत गेली, ती पुढं बी.ए. झाल्यावरही पुरती परत आली नाही. आई मात्र हसली नाही. भाकरी भाजता भाजता तिनं एकदा माझ्याकडं आणि एकदा नरसव्वाच्या पाठीकडं पाहिलं.

रविवारी सकाळी सायण्णा आला. बारका, अदबशीर माणूस, एका पायानं लंगडत, हातात शिंदीचं मडकं. त्याच्या बायकोच्या डोक्यावर पाटी, तीत मटण आणि काळीज पानात बांधलेलं. नरसव्वाची चूल बंद, म्हणून त्या बाईनं आमच्या चुलीवर रांधलं. दुपारी बोळातली सगळी माणसं नरसव्वाच्या दारात जमली. तिला पाटावर बसवलं. सायण्णानं तिच्या ओठाला शिंदीचा पेला लावला.

तिनं घोट घेतला. "आंबलीय," म्हणाली.

सायण्णा लंगडत शिंदीखान्यात जाऊन दुसरं मडकं घेऊन आला. त्यातलाही घोट तिनं घेतला. "पाणी घातलंय." तो बिचारा पुन्हा निघाला, तेव्हा वीरय्या म्हणाला, "बस आता. घोट घेतला न्हवं, झालं. घास भरव."

सायण्णानं मटणाचा घास तिच्या तोंडात दिला. नरसव्वानं तोंड मिटलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं घास काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"आता काय झालं?" सायण्णाची बायको रडवेली झाली. "दुखवट्याचं माणूस, चावायला त्रास नको, म्हणून तीन तास शिजवलंय, वदिना."

"म्हणूनच," नरसव्वा म्हणाली. ह्या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "हे नायनाचं जेवण हाय. माझं न्हाय. मला उतरत न्हाय."

 घास घेतल्याशिवाय कडू उतरणार नाही, आणि कडू उतरल्याशिवाय चूल पेटवून तिला हवं तसं रांधता येणार नाही. सायण्णा ताटाकडं पाही, वीरय्या सायण्णाकडं पाही. असा पेच त्यांच्या रीतीत पूर्वी कधी पडला नसावा. आधीच्या कुठल्या दुखवटेकऱ्यानं मटण मऊ झालं म्हणून तक्रार केली असेल असं वाटत नाही.

आई तोवर भिंतीला टेकून उभी होती. माझी आई चार माणसांत बोलत नसे. ती आमच्या घरात गेली आणि खापरीत निखारे घेऊन आली. कुणाला काही न विचारता नरसव्वाच्या चुलीपुढं बसली, निखारे आत सारले, वर दोन काटक्या ठेवल्या आणि फुंकर घातली.

"अहो बायजाबाई," वीरय्या पुढं झाला. "तिनं चूल पेटवायची न्हाय अजून."

"तिनं कुटं पेटवलीय? मी पेटवलीया."

"परक्यानं पेटवलेली चालती का पण?"

"चालत न्हाय असं कुटं लिवलंय?" आई म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "त्याला इचारा. त्यो शिकलाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या रीतीतलं मला अक्षरही माहीत नव्हतं. "तसं कुठं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी मला शिकलेला धरलं.

"ऊठ," आई नरसव्वाला म्हणाली. "काळीज कच्चं हाय अजून. तुला कसं पायजे तसं भाज."

नरसव्वा उठली. तिनं काळजाचे तुकडे केले, मीठ आणि मूठभर तिखट चोळलं आणि ते सरळ निखाऱ्यांवर टाकले.  दोन-तीन तुकडे करपले. त्यातला सगळ्यात करपलेला तुकडा सायण्णानं उचलून तिच्या तोंडात घातला. ती चावायला लागली. सगळा बोळ तिच्या जबड्याकडं पाहत होता. गुरव्वा तर मोजत होती. लिंगायताची बाई, मटणाच्या वासानं नाकाला पदर लावून दारात उभी, आणि ओठ हलताहेत. चाळीसाच्या पुढं केव्हा तरी नरसव्वानं घास गिळला.

"उतरला," वीरय्या म्हणाला, आणि माणसं हलली.

आई मात्र तिथंच बसून होती. लोक निघून गेल्यावर, सायण्णाची बायको भांडी गोळा करत असताना, ती नरसव्वाला म्हणाली, "उद्यापास्नं माझी भाकरी घिऊन मी हितं येते जेवाय. आमचा मालक पाळीवर असतो, ह्यो पोरगा तर चालला पुण्याला. मला बी एकलीला ग्वाड लागत न्हाय."

नरसव्वा चुलीतली राख उगीच सारखी करत राहिली.

पुढं आम्ही गिरणीच्या चाळीत राहायला गेलो आणि सायण्णा नरसव्वाला आपल्या गावी घेऊन गेला, त्यामुळं तिचं माझं भेटणं राहिलं. मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी. माझी गाडी संध्याकाळची होती. आईला सांगायला मी शेजारच्या दारात गेलो आणि उंबऱ्याबाहेरच थांबलो.

दोघी समोरासमोर बसल्या होत्या. नरसव्वाच्या ताटात ज्वारीची भाकरी होती, कांदा होता, वाळल्या मिरच्या तळून ठेवल्या होत्या. आणि शेजारी वाडग्यात भात होता. गुरगुट्या, पांढराफटक. तिच्या हातानं आपल्या सवयीनं केला असावा, तिनं नाही.

ती त्या भाताकडं बघत बसली होती. आई भाकरीचा तुकडा मोडून चावत राहिली, जणू जगात घाई कसलीच नाही. मग नरसव्वानं वाडगा जवळ ओढला, बोटांनी एक घास घेतला, तोंडात घातला. चावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तिचा गळा एकदा हलला.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"अळणी."

"मीठ दिऊ?"

"नगं," नरसव्वा म्हणाली. "त्यास्नी आसाच लागायचा." आणि तिनं वाडगा हातात घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत सगळा भात खाल्ला, हळूहळू, मान खाली घालून. आई आपल्या भाकरीचा शेवटचा तुकडा हातात धरून तिचं होईपर्यंत थांबली होती.